वाण आणि वळण

२०१९च्या जुलैतला रविवार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आमच्या टेबलावर एक नवा भिडू येऊन बसला होता. माझ्या चुलतभावाची मुलगी. नुकतीच बारावी झालेली, इंजिनिअरिंगच्या दोन प्रवेशफेऱ्यांच्या मधल्या रिकामपणाला कंटाळलेली. आम्ही पाच जण, सगळे चाळिशीच्या आसपासचे, दर रविवारी दुपारी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये जमून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. घरच्यांच्या दृष्टीनं हा प्रकार म्हणजे टक्कल पडलेल्या माणसांची भातुकली. फार चुकीचंही नाही म्हणा. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, होतो, तो जग सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि अडलं-नडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. पट नसतो, सोंगट्या असल्या तर असतात. मुख्य भांडवल तोंड.

पुतणीसमोर कोरी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, ठेवली होती. आमच्या डीएमला तिला सगळं मराठीत समजावून सांगायचा उत्साह आला होता. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण त्यानं झकास सांगितले. मग त्याचं बोट वरच्या ‘रेस’ नावाच्या रकान्यावर गेलं आणि तो सहज म्हणाला, “हं, आता जात सांग. कुठली घेतेस?”

खोलीत एकदम शांतता. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली त्या दिवसांत जात पडताळणीच्या कागदांमागे धावत होत्या. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “काका, ह्याचीही व्हॅलिडिटी काढावी लागते का?”

हसलो सगळे. पण त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही त्या रकान्याला मराठी शब्द शोधत होतो, आणि एकही धड बसेना. ‘वंश’ म्हटलं की एकतर सूर्यवंश आठवतो, नाहीतर वंशशुद्धीचा वास येतो. ‘कुळ’ म्हटलं की शहाण्णव कुळी आणि लग्नाच्या याद्या. ‘जमात’ला सरकारी फॉर्मचा रंग. ‘प्रजाती’ म्हणजे जीवशास्त्राचा पेपर. चौऱ्याऐंशी लक्ष योनींमधला ‘योनी’ हा शब्द अर्थानं तंतोतंत होता, पण तो समोर पोर बसली असताना उच्चारायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी रकाना इंग्रजीतच राहिला. ‘रेस’ हा शब्द दोन वर्षं आम्ही पाचही जण बिनघोर वापरत होतो. इंग्रजीत होता तोवर तो कुणाला टोचला नव्हता, त्याचं मराठी करायला गेलो आणि हाताला काटा लागला.

तिनं ड्वॉर्फ घेतली. ड्वॉर्फ म्हणजे बुटके, रुंद, दाढीवाले, डोंगराच्या पोटात खाणी खोदणारे, लोखंड ठोकणारे लोक. एवढं ठरल्यावर तिला तिची कहाणी लिहायला सांगितली. अर्ध्या तासात तिनं दीड पान भरलं. नदीत वाहत आलेल्या होडक्यात एक ड्वॉर्फ बाळ सापडतं. नदीकाठचे हाफलिंग (म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे लोक) नावाडी त्याला घरी नेतात, वाढवतात. होडक्यात सापडली म्हणून मुलीचं नाव डोंगी. (“ढोंगी नाही हं, डोंगी,” असं तिनं प्रत्येकाला स्वतंत्रपणे बजावलं.) डोंगीनं जन्मात खाण पाहिलेली नाही. तिला येतं ते वल्हवणं, पाण्याचा रंग बघून खोली ओळखणं आणि नदीच्या पलीकडच्या उतारूला हाक मारणं.

डीएमनं कहाणीचं कौतुक केलं आणि मग पुस्तक उघडलं. आमच्याकडे २०१४ची आवृत्ती होती. त्यात ड्वॉर्फला काय काय मिळतं ते तो वाचत गेला. काटकपणा दोननं जास्त. अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं. विष सहजासहजी बाधत नाही. कुऱ्हाड, हातकुऱ्हाड, छोटा हातोडा आणि लढाईचा हातोडा चालवता येतो. लोहार, गवंडी किंवा दारू गाळणाऱ्याच्या हत्यारांवर हात बसलेला असतो. दगडी बांधकामाची खास जाण असते. ड्वॉर्फांची भाषा लिहिता-बोलता येते.

“कुणी शिकवली?” पुतणी म्हणाली.

“काय?”

“भाषा. आणि हातोडा. तिच्या गावात दुसरा ड्वॉर्फच नाही.”

डीएमनं पुस्तकात पुन्हा डोकावून बघितलं. पुस्तकात ते रक्तातच होतं.

माझी एक भाची अमेरिकेत बे एरियात राहते. तिच्या लेकाला मराठी यावी म्हणून ती दर आठवड्याला त्याला मराठी शाळेत नेते. तो ‘ळ’ला ‘ल’ म्हणतो आणि आजीशी इंग्रजीत बोलतो. भाषा रक्तातून येत असती तर त्या बिचारीचे सगळे शनिवार-रविवार वाचले असते.

पण मला खरा अडकवला तो हातोड्यानं.

माझे आजोबा तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत खाली कामाची खोली आणि वर बिऱ्हाड. बंब, घंगाळं, हंडे, कळशा. त्यांचं मुख्य काम मठारण्याचं. तयार भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जायचं, ओळीला ओळ लावून, म्हणजे अंगावर त्या चमकत्या खळ्या उठतात आणि पत्रा कणखर होतो. हल्ली हॉटेलांत पाणी प्यायला देतात त्या तांब्याच्या पेल्यांवर यंत्रानं पाडलेल्या खळ्या असतात, त्या बघितल्या की मी उगाच नाक मुरडतो. नाक मुरडण्यापलीकडे माझा त्या विद्येशी संबंध नाही. घरोघरी स्टेनलेस स्टील आलं, बंबाच्या जागी गीझर आले, वडील बँकेत चिकटले आणि मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी मोठ्या विश्वासानं माझ्या हातात हातोडी दिली होती. “तांबटाचा नातू, तुमच्या रक्तातच असणार.” खिळा भिंतीत गेला नाही, भिंतीचा पोपडा मात्र ताटाएवढा निघाला.

खाण तशी माती, असं म्हणणाऱ्यांनी ती भिंत बघायला हवी होती.

या खेळात हे असं का झालं, याला एक साधं कारण आहे, आणि ते मला फार आवडतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली निघालं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा नावाचं गाव, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे कर्ते. त्याच्या तीन वर्षं आधी गायगॅक्सनं जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ नावाचे नियम छापले होते, मध्ययुगीन लढाया टेबलावर छोट्या सैनिकांच्या पुतळ्यांनी खेळायचे. त्याला शेवटी एक पुरवणी जोडली होती, तिच्यात ड्वॉर्फ होते, टोकदार कानांचे एल्फ होते, जादूगार होते. म्हणजे ड्वॉर्फ पहिल्यांदा टेबलावर आला तो सोंगटी म्हणून. घोडेस्वार किती चालतो, धनुर्धाऱ्याचा बाण किती लांब जातो, तसंच ड्वॉर्फ कसा लढतो. सोंगटीला आजोबा नसतात. तिला कुणी वाढवलेलं नसतं. तिचा प्रकार हेच तिचं सगळं चरित्र. पुढे त्याच सोंगटीला नाव दिलं, गाव दिलं, तिच्या तोंडून बोलायला सुरुवात केली, पण अंगावरचे आकडे सोंगटीचेच राहिले.

१९७४च्या त्या पहिल्या पेटीत ड्वॉर्फला फक्त लढवय्या होता येई, आणि तोही सहाव्या लेव्हलपर्यंतच. (लेव्हल म्हणजे पात्र खेळता खेळता चढत जातं ती पायरी.) हाफलिंग तर चौथ्यावर अडायचा. (तेव्हा त्याला हॉबिट म्हणत, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोलकिनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर नाव बदललं.) माणसाला मात्र मर्यादा नाही. जग माणसांचंच राहावं, असं गायगॅक्सचं म्हणणं होतं. पुढे १९८१च्या सुरुवातीच्या खेळाडूंसाठीच्या आवृत्तीत आणखी मजा झाली. माणसांनी लढवय्या, पुजारी, जादूगार, चोर यांतला पेशा निवडायचा. ड्वॉर्फनं काही निवडायचंच नाही, कारण ‘ड्वॉर्फ’ हाच त्याचा पेशा. अमेरिकन पोरांना हे सुटसुटीत वाटलं असणार. गावगाड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला जन्म आणि पेशा एकाच रकान्यात बघून वेगळंच काही आठवतं. लेव्हलची ती मर्यादा २०००च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत या ना त्या रूपात टिकली. सव्वीस वर्षं.

त्या काळात सगळेच असा विचार करत होते असंही नाही. १९७७ साली मार्क मिलरचं ‘ट्रॅव्हलर’ आलं. अंतराळातला खेळ, त्यामुळे आमच्या कंपूत एकट्या मलाच त्याचं वेड. त्यात सहा गुणांमध्ये बुद्धी वेगळी आणि शिक्षण वेगळं. आणि सहावा गुण म्हणजे सामाजिक पत. दोन फासे टाकायचे. बारा पडला तर तुम्ही उमराव, दोन पडला तर कुणी दारात उभं करणार नाही. जन्माचा जुगार इतक्या निर्लज्जपणे कागदावर मांडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. त्यानंतर वयाच्या अठराव्या वर्षापासून चार-चार वर्षांच्या हप्त्यांनी आयुष्य काढायचं. आरमारात गेलात, काय शिकलात, बढती मिळाली का, जगलात का. होय, जगलात का. खेळ सुरू व्हायच्या आधी, शीट भरता भरताच पात्र मरू शकायचं. माझी तीन मेलीत. चौथा अडतीस वर्षांचा होऊन, नोकरीतून काढून टाकलेला असा टेबलावर आला तेव्हा मला त्याच्याबद्दल जितकं माहीत होतं तितकं माझ्या सख्ख्या आतेभावाबद्दल माहीत नाही.

तर त्या पावसाळी रविवारी डीएमनं पुस्तक मिटलं आणि रकान्याच्या दोन उभ्या रेघा केल्या. डावीकडे काय, उजवीकडे काय, हे नाव द्यायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एकाला त्याच्या आजीची म्हण आठवली : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण नेहमी तक्रारीच्या सुरात वापरतो, वाईट संगतीबद्दल. पण बैलांच्या गोठ्यात बसून कुणीतरी हा प्रश्न आमच्या फार आधी सोडवून ठेवला होता. डावीकडे लिहिलं ‘वाण’, उजवीकडे ‘वळण’. ‘गुण’ आधीच सहा होते म्हणून ‘वळण’. मुलाला चांगलं वळण लावलंय म्हणतो, त्यातलं.

मग प्रत्येक गोष्टीवर भांडण. अंधारात दिसणं : वाण, वाद नाही. विष न बाधणं : वाण म्हणे. पण ते लहानपणापासून पाजलेल्या कडक दारूमुळे असेल तर? डोंगीला नावाड्यांनी ताकच पाजलंय. (शेवटी वाणातच ठेवलं, कारण दुपारचे चार वाजले होते.) हातोडा, कुऱ्हाड, भाषा : वळण, म्हणून डोंगीला नाहीत. त्यांच्या बदल्यात होडी चालवणं, जाळं टाकणं आणि हाफलिंगांची भाषा. एल्फला रात्री चारच तास विश्रांती पुरते, ते वाण. पण त्याला तलवार आणि धनुष्य जन्मतः चालवता येतं, ते काय म्हणून?

सगळ्यात जास्त वेळ गेला हाफलिंगांच्या धैर्यात. पुस्तकात हाफलिंगांना भीतीविरुद्ध एक खास सवलत आहे. मी म्हटलं, हे वाण. एवढासा जीव, निसर्गानं भरपाई दिली असणार. पुतणी म्हणाली, “काका, सगळं जग तुमच्या दुप्पट उंच असेल तर रोज घाबरून कसं चालेल? घरात कुणी घाबरत नाही म्हणून पोरं घाबरत नाहीत.” आणि त्या तर्कानं डोंगीला ती सवलत मिळाली. ड्वॉर्फच्या अंगात हाफलिंगाचं धैर्य. पुस्तकाच्या पूर्ण बाहेरचं, आणि मला त्या टेबलावर झालेल्या निर्णयांपैकी सर्वांत पटलेलं.

पुढच्या वर्षी, २०२०च्या नोव्हेंबरमध्ये, खेळ काढणाऱ्या कंपनीनं नवं पुस्तक काढलं. त्यात जन्मानं मिळणारे गुणांचे आकडे, भाषा आणि हत्यारं हवी तशी बदलून घ्यायची मुभा अधिकृतपणे दिली. त्याच वर्षी ऑर्क नावाच्या राक्षसी लोकांच्या बुद्धीतून आधी वजा केलेले दोन गुणही परत केले. पुतणीनं त्याचा फोटो मला पाठवला. खाली फक्त एक डोळा मिचकावणारं तोंड.

‘पाथफाइंडर’ या भावंड-खेळाच्या २०१९च्या आवृत्तीनं हे आणखी नीट केलंय. तिथे ‘दत्तक’ असा एक रीतसर गुणच आहे. ज्यांनी वाढवलं त्यांच्या खासियती घेता येतात, फक्त शरीराचा भाग लागणारी गोष्ट नाही, म्हणजे पंख नसतील तर उडता येणार नाही. त्या खेळात पूर्वजांकडून येणारे गुण एकदम जन्मालाच मिळत नाहीत. पहिल्या, मग पाचव्या, नवव्या, तेराव्या, सतराव्या लेव्हलला एकेक करून मिळतात. आमच्या डीएमला हे हास्यास्पद वाटतं. “सतराव्या लेव्हलला अचानक जास्त ड्वॉर्फ कसा होतो?” तो अजून पस्तिशीत आहे. मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर खोकण्यापूर्वी घसा खाकरायला लागलो आहे, अगदी वडिलांसारखा, दोनदा लहान आणि एकदा मोठा. हा गुण मला तेराव्या लेव्हलला मिळाला असावा.

२०२४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं मुख्य पुस्तक नव्यानं आलं. ‘रेस’ गेलं, ‘स्पीशीज’ आलं, म्हणजे आमच्या बाद झालेल्या ‘प्रजाती’लाच शेवटी खुर्ची मिळाली. आणि गुणांचे आकडे जन्माच्या रकान्यातून काढून पार्श्वभूमीच्या रकान्यात टाकले. मी टाळ्या वाजवायच्या तयारीत होतो. मग शेतकरी ही पार्श्वभूमी वाचली. शेतात वाढलात तर आकडे वाढवायचे ते ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांतच. बुद्धी हवी असेल तर विद्वानाच्या किंवा तसल्याच कुठल्या पार्श्वभूमीत वाढायला हवं होतं. डीएमनं ठरवलं तर नवी पार्श्वभूमी रचता येते, ते आहेच. पण छापील पानावर शेतकऱ्याच्या पोरीला बुद्धीचा जादा गुण नाही. ढवळ्याच्या गळ्यातलं लोढणं काढून पवळ्याच्या गळ्यात बांधलं, झालं.

माझी तक्रार आकड्यांबद्दल आहे असं पुष्कळ दिवस मला वाटत होतं. तसं नाहीये. आकडा वाणाच्या खात्यात असो की वळणाच्या, तो नेहमी कसब मोजतो. लोहाराकडे वाढला, हातोडा येतो. आणि घरातून उतरतं ते बहुधा कसब नसतंच. आजोबांना आयुष्यभर ठोके ऐकून म्हातारपणी नीट ऐकू येत नव्हतं. त्यामुळे घरात सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय. वडिलांनी हातोडी धरली नाही, पण बँकेत काउंटरवर ते हळू आवाजात बोलूच शकायचे नाहीत. गिऱ्हाइकाची शिल्लक सगळ्या रांगेला कळायची. लग्नानंतर पहिला महिनाभर बायको समजत होती की आम्ही बापलेक रोज जेवताना भांडतो. कसब कसब्यात राहिलं, त्याचा आवाज तेवढा पुढच्या दोन पिढ्यांनी उचलला. याला कुठल्याच पुस्तकात रकाना नाही.

“काका,” पुतणीनं एकदा विचारलं होतं, “तुमची सगळी पात्रं ओरडून का बोलतात? तो चोर होता, तोसुद्धा.”

ती आता नोकरीला लागली आहे, पण रविवार चुकवत नाही. गेल्या महिन्यात डोंगी आणि माझा निवृत्त शिपाई एका नदीत अडकले. होडी खडकावर आपटून तळाला भोक पडलं, मागून पाठलाग. डोंगीकडे एक तांब्याची कळशी होती. ती फोडून, ठोकून पत्रा करायचा आणि भोकावर बसवायचा, असा बेत. डीएमनं शीट बघितली. “हातोड्याचं काम तुला येत नाही. तूच बदलून घेतलंस.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “काका, तांबं कसं ठोकतात?”

“त्याच्या शिपायाला माहीत आहे का?” डीएम.

“त्याचे आजोबा तांबट होते,” मी म्हटलं.

“शीटवर लिहिलंय?”

“नाही.”

“मग आता लिही.”

मी लिहिलं. आणि मग जे सांगत गेलो ते मला माहीत आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. हातोडी कशी धरायची ते नाही सांगता आलं. पण सुट्टीत वरच्या खोलीत आडवं पडून ऐकलेलं सगळं होतं. मऊ तांबं आधी ठप्प वाजतं. ठोके बसत जातात तसं ते कडक होतं, आवाज चढत जातो, टण्ण, मग टिण्ण. टिण्णच्या पुढे गेलात तर चिरलं. तिथे थांबायचं, लाल होईतो तापवायचं, मऊ करायचं आणि पुन्हा ठप्पपासून सुरू. मी टेबलावर हात आपटून, तोंडानं एकेक आवाज काढून दाखवत होतो. पुतणी डोळे मिटून ऐकत होती.

“दोघं मिळून करताय,” डीएम म्हणाला. “दोन फासे टाक, मोठा धर. बारा लागेल.”

चार आणि अकरा.

आम्ही सगळे एकदम ओरडलो. तेवढ्यात घरमालकाचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. भांडी ठोकायचीच असतील तर उद्या सकाळी ठोका, म्हणाल्या, आत्ता ह्यांचा डोळा लागलाय.